तीन पंचमांशाचा हिशेब

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स हॉलमधले, म्हणजे १७८७ ला अमेरिकेची राज्यघटना जिथे लिहिली गेली तिथले, तुझे फोटो तुझ्या आईने अख्ख्या सोसायटीला दाखवून झाले. हिरव्या कापडाच्या टेबलांच्या फोटोखाली तू लिहिलंस, "इथेच ठरलं, गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस. शी!" संताप रास्त आहे, पण गणित उलटं धरलंयस. आता गणिताचा मास्तर बाप गप्प कसा बसेल?

ठरलं होतं ते एवढंच, की राज्यांना जागा वाटताना लोकसंख्येत पाच गुलाम तीन म्हणून मोजायचे. गुलाम पूर्ण मोजा, असा हट्ट दक्षिणेतल्या मालकांचाच होता. डोकी जास्त तितक्या प्रतिनिधिगृहात जागा जास्त, आणि गुलामाला मत नाहीच. म्हणजे त्यांना शून्य धरलं असतं तर मालकांचं बळ घटलं असतं.

हे त्या घटना लिहिणाऱ्या सभेत रोखठोक मांडलं गव्हर्नर मॉरिसने. (गव्हर्नर हे नावच बरं का, आईच्या माहेरचं आडनाव.) एक पाय लाकडाचा, पेनसिल्व्हेनियाचा प्रतिनिधी. ८ ऑगस्ट १७८७ ला त्याने सुचवलं, जागावाटपाच्या कलमात 'रहिवासी'च्या आधी 'स्वतंत्र' एवढा एकच शब्द घाला, म्हणजे गुलाम मोजलेच जाणार नाहीत. गुलाम माणसं आहेत? मग नागरिक करा, मत द्या. मालमत्ता आहेत? मग दुसरी कुठली मालमत्ता का मोजत नाही? साउथ कॅरोलिनाच्या भातखाचरांतल्या सगळ्या गुलामांपेक्षा या शहरातली घरं जास्त किमतीची आहेत, असंही म्हणाला. ते मला खटकलं. शेवटी तोही किमतीवरच आला.

अकरा राज्यांपैकी एकट्या न्यू जर्सीने साथ दिली. त्याचं स्वतःचं पेनसिल्व्हेनियासुद्धा विरोधात!

काल दुधाच्या बिलामागे आकडे मांडले. १७९० च्या जनगणनेत स्वतंत्र माणसं व्हर्जिनियात साधारण साडेचार लाख, पेनसिल्व्हेनियात सव्वाचार लाखांच्या वर. जवळपास बरोबरी. पण व्हर्जिनियात गुलाम २ लाख ९२ हजार. त्यांचे तीन पंचमांश पावणेदोन लाख. ३३ हजारांमागे एक जागा. जागा मिळाल्या व्हर्जिनियाला १९, पेनसिल्व्हेनियाला १३. तूच भागून बघ, पाचेक जागा कुणाच्या जिवावर आल्या ते.

मॉरिस संत नव्हता हं. मालमत्ता नसलेल्यांना मत दिलं तर ते आपलं मत श्रीमंतांना विकतील, असं तो आदल्याच दिवशी म्हणाला होता. आणि हरल्यावर राज्यघटनेचा शेवटचा मसुदा बऱ्याच अंशी त्यानेच लिहिला, त्या अपूर्णांकासकट.

पुन्हा गेलीस तर पेनसिल्व्हेनियाचं टेबल कुठलं ते गाइडला विचार आणि फोटो पाठव. आई म्हणते, स्वेटर घालत जा.

तुझे,
बाबा