गंगोत्रीच्या वरच्या केदारताल तलावाच्या वाटेवरून मला खाली आणणाऱ्या वाटाड्या भैजींना

प्रिय भैजी,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय. लिपी एकच, त्यामुळे अक्षरं तुम्हाला लागतील, शब्द अडतील. अडले की फोन करा, माझ्या दिव्य हिंदीत समजावून सांगेन. आमच्याकडच्या सह्याद्रीत भटकणाऱ्या मंडळींनीही ते वाचावं म्हणून मराठीत. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही.

आधी कबुली देते. त्या दिवशी सकाळी भोजखरकच्या मुक्कामी चहाचा मग हातात देताना तुम्ही विचारलंत, "दीदी, सर दर्द तो नहीं?" मी म्हटलं, "बिलकुल नहीं." साफ खोटं. रात्री दोनपासून डोकं ठणकत होतं आणि स्लीपिंग बॅगेतच मी गुपचूप पॅरासिटामॉल गिळली होती. पाच जणांत बाई मी एकटी. त्यात नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड तीनदा केल्याचा तोरा. माझ्यापायी सगळ्यांचा ट्रेक अडला, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

मूळ चूक त्याच्याही आधीची. गंगोत्रीत दोन रात्री काढा, असं तुम्ही सांगून पाहिलंत. आम्ही रजांचा हिशेब पुढे केला. सकाळी डेहराडून सोडलं आणि रात्री गंगोत्रीत, म्हणजे 3100 मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी भोजखरक, सुमारे 3800. तिसऱ्या दिवशी केदारखरक, 4300 च्या जवळ. 3000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा नियम निघण्यापूर्वी आमच्या ग्रुपवर मीच टाकला होता! आमचं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर. दम सह्याद्रीत कमावता येतो, उंचीची सवय तिथे कुठून लागणार? पहिल्या दिवशी केदारगंगेच्या दरीवरची ती स्पायडर वॉल, कातळातली हातभर वाट, मी न अडखळता पार केली आणि तिथेच जास्त शेफारले.

केदारखरकला पोचलो तेव्हा दुपारचे दीड वाजले होते. समोर थलयसागर शिखर उघडं पडलं होतं, सगळे फोटो काढत होते. मी तंबूमागे जाऊन ओकले. परत आले ती बुटाची सुटलेली नाडी बांधायला वाकले, आणि ती गाठ काही केल्या जमेना. लहानपणापासून बांधतोय ती गाठ. तुम्ही लांबून बघत होतात, हे मला कळलंच नाही. काठी घेऊन आलात, मातीत एक सरळ रेघ ओढलीत आणि म्हणालात, "दीदी, इस पे चलके दिखाओ. एड़ी से पंजा लगाके." मला वाटलं, गंमत चाललीय. चौथ्या पावलाला मी रेघेबाहेर. पुन्हा चालवलंत, पुन्हा बाहेर.

तुम्ही काही बोलला नाहीत. माझी सॅक उचलून छातीवर अडकवलीत. आमच्यातला एकजण म्हणाला, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आहे ना, देऊया आणि सकाळी बघूया. त्यावर तुमचं उत्तर मला अजून पाठ आहे: "दवाई नीचे जाते-जाते खा लेना."

मी रडले, भांडले. तलाव तिथून जेमतेम पाच किलोमीटर. एवढे पैसे, एवढी रजा. मी काय काय बोलले ते आठवतं आणि लाज वाटते. "तुम्हाला काय, तुम्ही रोज बघता," असंही म्हणाले. तुम्ही तेवढ्या वेळात माझ्या कमरेला दोर बांधत होतात.

उतरताना तुम्ही सतत दरीच्या बाजूला होतात. दगड पडणाऱ्या पट्ट्याशी थांबवलंत, वर बघत कान देऊन उभे राहिलात, हात माझ्या खांद्यावर. मग नुसतं "अब" म्हणालात आणि आपण पळालो. तुमच्या हातमोज्याचा अंगठा फाटला होता, तेवढंच त्या क्षणाचं नीट आठवतं.

आणि ते प्रश्न! घरात कोण कोण? मुलगी कितवीत? नाशिकला नदी कुठली? पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. घरात कोण कोण? तिसऱ्या वेळी मी चिडले, की हा माणूस ऐकतच नाही. घरी परतल्यावर ओळखीच्या डॉक्टरबाईंना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, अगं, तुझी उत्तरं बदलतात का ते बघत होते ते. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या 60 टक्क्यांच्या आसपास. त्यात मेंदूला सूज यायला लागली की तोल जातो, बोलणं भरकटतं, आणि अशा माणसाला रात्रभर वर ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. रेघेचा अर्थही तेव्हाच कळला.

भोजखरकला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. लसणाचं पाणचट सूप तुम्ही चमच्या-चमच्याने पाजलंत. रात्री दोनदा बाहेरून हाक मारलीत आणि मी ओ दिल्यावरच गेलात. सकाळी डोकं असं मोकळं, जणू काही झालंच नव्हतं. 500 मीटर खाली येण्याचा एवढा फरक! तेव्हाही मी तुमचे आभार मानले नाहीत, उलट गाल फुगवून बसले होते.

बाकीचे चौघं तुमच्या भाच्याबरोबर तलावापर्यंत जाऊन आले. हलाहल पचवल्यावर शंकराने तहान भागवली ती केदारतालच्या पाण्याने, अशी कथा तुम्हीच सांगितली होतीत. एका मित्राने तिथलं पाणी छोट्या बाटलीत आणलं. आईने ते देवघरात ठेवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमची वरपर्यंत गेली होती. मी दरवेळी दुरुस्त करते. तळ्याच्या अलीकडे पाच किलोमीटर.

उत्तरकाशीच्या पत्त्यावर पार्सल पाठवलंय. त्यात हातमोजे आहेत, माप अंदाजाने घेतलंय. मुलीने तुम्हाला एक चित्र काढून दिलंय. त्यातली छातीवर आणि पाठीवर अशा दोन सॅक घेतलेली व्यक्ती म्हणजे तुम्ही. पुढच्या सप्टेंबरात येतेय, गंगोत्रीत दोन रात्री धरून. सकाळच्या चहाला विचाराल तेव्हा खरं सांगेन.

आणि हो, पार्सलमधला चिवडा नाशिकचा आहे, तिखट. भाच्याला आधी सांगून ठेवा.

तुमची,
नाशिकची दीदी