बिलावर सागाचे गाव लिहा

महोदय,
आयात सागवानामुळे विदर्भातले लाकूड मागे पडल्याचा आपला लेख वाचला. तक्रार रास्त आहे, पण माझ्या मते दोष आयातीपेक्षा लपवाछपवीचा. पूर्वी सागाचे ओंडके पाठवणाऱ्या म्यानमारने २०१४ मध्ये त्यांची निर्यात थांबवली. घाना, इक्वेडोरचा लागवडीचा सागही आपल्या बाजारात येतो. परवा चौकटीसाठी लाकूड पाहिले. रंग फिकट, वर्षवलये अर्ध्या बोटाच्या अंतराने, म्हणजे झपाट्याने वाढवलेला लागवडीचा साग वाटावा असे; तरी दुकानदार म्हणे, ‘आलापल्लीचाच (गडचिरोलीच्या जंगलातला) आहे!’ बिलावर नुसते ‘सागवान’. वनविभागाच्या आगारातील ओंडक्यावर ओळखीसाठी हातोड्याने ठोकलेला शिक्का असतो. आरागिरणीत फळ्या निघाल्या की तो गेला. नव्या संसद भवनात नागपूरचा साग आहे, पण गिऱ्हाइकाने तो ओळखायचा कसा? बिलावर मूळ देश किंवा आगाराचे नाव लिहिणे सक्तीचे करावे.
– एक वाचक, नागपूर