स्टुटगार्टच्या तळमजल्यावरच्या आजींना, इंदूरहून

रामबाग, इंदूर

ती. आजी,
सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितेय. जावई तुम्हाला ते जर्मनमध्ये वाचून दाखवतील. दोन-चार वाक्यं गाळतीलही, कारण त्यांचं जर्मन अजून ऑफिसापुरतंच आहे. आणि पत्र सगळ्यांसमोर ठेवतेय ते मुद्दाम. आमच्या इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतलं एखादं मूल आता परदेशात असतं, आणि बाळंतपणाला जाणाऱ्या आया माझ्यासारख्याच डिंक, खारीक, अळीव बॅगेत कोंबून, पोटात धाकधूक घेऊन विमानात बसतात. त्यांनीही हे वाचावं.

तुमच्या स्टुटगार्टकडच्या श्वाबन लोकांत एक म्हण आहे म्हणे: रागावलो नाही, म्हणजे कौतुक झालंच. त्या हिशेबानं हे पत्र म्हणजे उधळपट्टीच. पण आम्ही इंदूरचे लोक पोह्यांवर शेव टाकतानाही हात आखडता घेत नाही, तर आभार मानताना कुठून घेणार?

मुलीकडे पोचले त्याच आठवड्यात मी ती पाटी पाहिली. दोरीला बांधलेली, दाराच्या मुठीला लटकवलेली, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘केरवोखं’. ज्याच्या दाराला पाटी, त्याची त्या आठवड्याची झाडलोट. मोठी पाळी असेल तर तळघर, अंगण, फूटपाथ, आणि हिवाळ्यात बर्फ, तोही सकाळी सातच्या आत. मुलगी म्हणाली, १९८८पर्यंत हा शहराचाच नियम होता, आता तो भाडेकरारात लिहिलेला असतो. मला तर बरं वाटलं. लिफ्ट नसलेल्या चार मजली घरात जिना कोण झाडतं यावरून भांडणं होत नाहीत, ही काय लहान गोष्ट आहे? आमच्या जुन्या वाड्यात त्यावरून दोन घरांनी वर्षभर अबोला धरला होता.

फेब्रुवारीतल्या ज्या रात्री मुलीला कळा सुरू झाल्या, तेव्हा पाटी नेमकी आमच्या दाराला होती. ती दोघं टॅक्सीनं दवाखान्यात गेली, मी घरी एकटी. रात्रभर बर्फ पडला. मला झोप नव्हतीच, म्हणून पहाटे शाल गुंडाळून फावडं शोधायला खाली उतरले. पाहते तो फूटपाथ मोकळा, वर बारीक खडी पसरलेली, आणि तुम्ही भिंतीला टेकून दम घेताय. तुम्हाला मराठी नाही, मला जर्मन नाही. तुम्ही पोटावर हात ठेवून भुवया उंचावल्यात. मी मान हलवली, गाडी गेली त्या दिशेला हात केला. मग तुम्ही, दुखरे गुडघे घेऊन, माझ्याबरोबर तीन मजले चढून आलात, आमच्या दाराची पाटी काढलीत आणि खाली नेऊन स्वतःच्या दाराला अडकवलीत. पुढची पाळी आली तेव्हाही पाटी आमच्याकडे येण्याआधीच तुमच्याकडे वळली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या शिस्तप्रिय गृहस्थांना हा नियमभंग कसा पटवलात, ते मात्र अजून कुणाला कळलेलं नाही.

तिथल्या व्यवस्थेबद्दल तक्रार करायला जागा नाही. सुईण घरी येऊन बाळाचं वजन करते, आईचे टाके बघते, आणि ते बारा आठवड्यांपर्यंत विम्यातून होतं, हे ऐकून मी चाटच पडले. पण बाबागाडी कुठे ठेवायची, हे विमा सांगत नाही. ती तिसऱ्या मजल्यावर रोज चढवायची म्हणजे ओल्या बाळंतिणीची परीक्षाच. तुम्ही तुमच्या दाराशेजारची कोपऱ्यातली जागा मोकळी केलीत, तिथल्या कुंड्या आत नेल्यात, चाकांखाली जुनी सतरंजी अंथरलीत. तुमच्या दारातला चिखल मग तुम्हीच झाडायचात.

माझ्या मनात सगळ्यांत जास्त राहिलं ते मात्र वेगळंच आहे. तुम्ही प्रत्येक वेळी आधी विचारलंत. पत्रपेटीत चिठ्ठी यायची: गुरुवारी अकरा वाजता जेवण आणू का? नको असेल तर चिठ्ठी माझ्या दाराला लावून ठेवा. खाली लिहिलेलं: सॉसेज घातलेलं नाही, शेवयांत अंडं आहे, चालेल ना? चालत होतं. मसुराची घट्ट उसळ आणि त्या तुमच्या जाडसर, ओबडधोबड शेवया. बाळंतिणीला मसूर वातूळ, असं माझ्या सासूबाई नक्की म्हणाल्या असत्या. मुलीनं दोनदा वाढून घेतलं आणि मी गप्प बसले.

आमच्याकडे शेजारीण पातेलं घेऊन थेट स्वयंपाकघरात येते. बाळंतिणीच्या खोलीत डोकावते, दूध पुरतंय का विचारते, टाळू भरून देते, जाताना कुणाच्या सुनेनं काय केलं तेही सांगून जाते. त्या मायेत मी वाढले, माझी दोन्ही बाळंतपणं तिच्यावरच निभावली, आणि कुणी ती वाईट म्हटली तर मी भांडेन. पण माझ्या मुलीला त्या दिवसांत झोप नव्हती, डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं, अंगात गाऊन आणि केसांची जट झालेली. त्या अवस्थेत दार उघडायचं की नाही हे तिनं ठरवायचं, एवढी मोकळीक तुम्ही तिला दिलीत. एकदा तिनं चिठ्ठी परत लावली. तुम्ही ना कारण विचारलंत, ना तोंड वाकडं केलंत. पुढच्या गुरुवारी नवी चिठ्ठी हजर. मी आई असून मला ते जमलं नसतं. मी दहादा विचारलं असतं, का गं, बरं नाही का.

तुपाची गोष्ट जावयांनी तुम्हाला नीट सांगितलीच नसेल. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात सामानातून नेता येत नाहीत, म्हणून घरचं तूप इंदूरलाच राहिलं. तिथल्या लोण्याच्या पाव-पाव किलोच्या वड्या आणून मी कढवायला घेतल्या. वास जिन्यात गेला असणार. तुम्ही बेल वाजवलीत तेव्हा मुलगी घाबरली, तक्रार आली म्हणून. तुम्ही दारातच नाक वर करून म्हणालात, “बुटरश्माल्त्स!” आणि खाली जाऊन तुमची तुपाची बरणी घेऊन आलात दाखवायला. रंग थेट आमच्या तुपासारखा. त्या दिवशी पहिल्यांदाच तुम्ही आत येऊन बसलात. डिंकाचा लाडू खाल्लात, डिंक म्हणजे झाडाचा चीक हे मी हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि तुम्ही खिडकीतल्या झाडाकडे संशयानं पाहिलंत.

कचऱ्याच्या बाबतीत मात्र मी तुमच्यापुढे मान खाली घातली नाही हं. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा वेगळ्या डब्यांत टाकायच्या, रविवारी टाकायच्या नाहीत, हे तुम्ही मला हाताला धरून शिकवलंत. मग मी फोनवर आमच्या गल्लीतली कचरागाडी दाखवली, गाणं वाजवत येणारी, ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असलेली. २०१७पासून आमचं शहर देशात स्वच्छतेत पहिलं येत आलंय, हे जावयांकडून मुद्दाम भाषांतर करवून घेतलं. तुम्हाला नंबराचं काही वाटलं नाही. गाडी गाते याचंच हसू आवरेना.

आता तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मुलगी तुमच्या रिकाम्या बाटल्या दुकानात परत नेते, त्यांच्या अनामतीचे सुट्टे पैसे आणून देते, आणि तुम्ही बाटलीमागचे ते पंचवीस-पंचवीस सेंट बाळाच्या डब्यात टाकता, हे मला व्हिडिओ कॉलवर कळलं. तुमची पार्सलं ती घेऊन ठेवते, तिची तुम्ही. तिथे पोचल्यावर पहिली दोन वर्षं तिला शेजाऱ्यांचे चेहरेसुद्धा माहीत नव्हते. आता जिन्यात कुणाच्या पायाचा आवाज आहे, ते ती आतून ओळखते.

इकडचंही थोडं सांगते. आमच्या वरच्या मजल्यावर केरळचं एक तरुण जोडपं भाड्यानं आलंय. त्याची नोकरी इथे, तिला अजून हिंदी येत नाही. रविवारी मी पोहे पाठवते, पण आधी फोनवर मेसेज करते: आठ वाजता आणू का? आमचे हे म्हणतात, पोह्यांना अपॉइंटमेंट! हसू देत. परवा तिचं उत्तर आलं, आज नको, उद्या मीच येते. आली ती डब्यात इडल्या घेऊन, आणि दुपारपर्यंत बसली.

मुलीची मैत्रीण पुढच्या महिन्यात तिकडे येतेय. तिच्याबरोबर शेव पाठवतेय. तिखट लौंग शेव जावयांची, फिकी तुमची, पुड्यांवर नावं घातली आहेत. डिंकही आहे. लाडू तुमच्याच तुपात वळायला मुलीला सांगितलंय. आणि या हिवाळ्यात आमची पाळी आली की फावडं आमच्या लोकांना मारू द्या. तुम्ही ऐकणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून जावयांना गजर पाचचा लावायला सांगून ठेवलाय.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाची इंदूरची आजी