बर्फाचं दुखणं

देवगड

प्रिय बाळ्या,

उत्तराला फार उशीर झाला, दोन शिव्या हासडून मोकळा हो. तब्येत बरी, गुडघा नेहमीचा.

"ऊन वाढलं, बर्फ वितळला, त्यात काय एवढं!" असं तू आर्क्टिकच्या, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या समुद्राच्या, बर्फाबद्दल म्हणालास आणि तात्यांनी मानही डोलावली. म्हणून हा कागद. ताज्या हिमाने झाकलेला समुद्री बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, उघडं पाणी जेमतेम सहा-सात. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही. तेव्हाच बर्फावर डबकी साचली, पाणी लवकर उघडं पडलं, की ते ऊब गिळून बसतं. मग समुद्र उशिरा गोठतो, बर्फ पातळ धरतो आणि पुढच्या उन्हाळ्यात आधीच फुटतो.

पण माझा जीव अडकलाय तो जाडीत. सप्टेंबर 2012 मध्ये आर्क्टिकचा बर्फ 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, 1979 पासूनचा नीचांक. खापर फुटलं ऑगस्टच्या वादळावर. अरे, अलास्का-कॅनडाच्या उत्तरेच्या ब्यूफोर्ट समुद्रात गोल फिरत चार-पाच उन्हाळे काढलेला तीन-चार मीटरचा बर्फ असता, तर वादळाने त्याचं एवढं वाकडं केलं नसतं! आता बहुतेक एकाच हिवाळ्याचा, दीड-दोन मीटरचा.

त्यात खालूनही मार. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं ना, तसं तिथे थंड, कमी खारं पाणी वर आणि अटलांटिकचं उबदार, खारं खाली. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेच्या बॅरेंट्स समुद्राकडे हे वरचं पांघरूण विरत चाललंय, ऊब थेट बर्फाला भिडते. मुळाशी आपला धूर: नोट्झ आणि स्ट्रोव्ह या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये हिशेब मांडला, एक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचा तीन चौरस मीटर बर्फ जातो. तुझ्या ट्रॉलरच्या डिझेलचा गुणाकार तूच कर.

आणि हो, अंटार्क्टिकावरून घातलेला तो वाद! सप्टेंबर 2014 मध्ये, तिथल्या हिवाळ्याच्या अखेरीस, बर्फ दोन कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला तेव्हा तू जिंकलास, कबूल. फेब्रुवारीत, तिथल्या उन्हाळ्याच्या शेवटी, तो दरवर्षीच आटतो, पण फेब्रुवारी 2023 मध्ये 18 लाखांच्याही खाली गेला. तिथे वारे आणि खालचं उबदार पाणी यांचा खेळ मोठा, आर्क्टिकचं गणित जसंच्या तसं लावू नकोस. तुझी जेट्टी मात्र या बर्फाने बुडायची नाही, तो आधीच तरंगतोय. भीती ग्रीनलँडच्या, जमिनीवरच्या बर्फाची.

पोरीच्या प्रवेशाचं काय झालं? इंजिन दुरुस्त झालं का? वहिनींना नमस्कार. आंब्याचे पैसे बंड्याकडे दे, तात्यांकडे नको.

तुझा,
सदा