रिव्हिएर यांची ‘नक्कल’ म्हणून बोळवण नको

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जपानी छापचित्रांवरचा लेख माहितीपूर्ण होता. मात्र आंरी रिव्हिएर (१८६४-१९५१) या फ्रेंच निसर्गचित्रकाराची जपानी छापचित्रकार होकुसाईचे अनुकरण करणारा अशी एका ओळीत झालेली बोळवण मला अन्यायाची वाटते.

रिव्हिएर यांच्या ‘आयफेल मनोऱ्याची छत्तीस दृश्ये’ या चित्रसंचाचे नाव होकुसाईच्या ‘फुजी पर्वताच्या छत्तीस दृश्यां’वरून घेतले आहे, हे खरेच. पण १९०२ साली प्रसिद्ध झालेला हा संच शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छापण्याच्या तंत्राचा आहे; जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांचा नाही. जपानी रीत रिव्हिएर यांनी खऱ्या अर्थाने अंगी बाणवली ती त्याआधी, फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्याच्या काष्ठमुद्राचित्रांत, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांत. जपानमध्ये चित्र काढणारा, ठसा कोरणारा आणि छापणारा असे वेगवेगळे कसबी असत. कधीही जपानला न गेलेल्या रिव्हिएर यांनी पॅरिसमध्ये पाहायला मिळालेली चित्रे न्याहाळून ही तिन्ही कामे एकट्याने केली. रंगागणिक वेगळा ठसा कोरला, पाण्यात कालवायचे रंग स्वतः बनवले आणि जपानी कागदावर हाताने मोजक्याच प्रती काढल्या. मी स्वतः लाकडी ठसे कोरतो. एखादा ठसा केसभर जरी सरकला, तरी दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट उघडी पडते आणि सगळा कागद वाया जातो, हे मी अनेकदा अनुभवले आहे. नुसत्या नकलेसाठी इतके कष्ट कोणी उपसत नाही.

मनोऱ्याच्या संचातही उसनवारी नावापुरतीच नाही आणि ती आंधळीही नाही. होकुसाईच्या एका चित्रात बिनबुडाच्या अजस्र पिंपात कारागीर राबतो आहे आणि पिंपाच्या गोलातून दूरवरचा इवलासा फुजी दिसतो. रिव्हिएर १८८९मध्ये कॅमेरा घेऊन मनोऱ्यावर गेले होते. तिथल्या छायाचित्रावरून बेतलेल्या एका चित्रात उभ्या तुळईलगत गाठींच्या दोरावर लटकलेला रंगारी आहे. ज्या वास्तूची दृश्ये काढायची, तिच्याच पोटात शिरून तिथल्या कामकऱ्याला पाहणे होकुसाईच्या फुजीसंचात क्वचितच आढळते. काम करणाऱ्या माणसाकडे वळलेली नजर मात्र होकुसाईकडूनच आलेली आहे.

लेखासोबत केवळ होकुसाईची प्रसिद्ध लाट छापली होती. पुढील एखाद्या अंकात पिंप बनवणारा आणि दोरावरचा रंगारी ही दोन चित्रे शेजारी-शेजारी छापावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे