अण्णांची विलीज आणि ब्रेकचं त्रांगडं

केरी, सत्तरी

प्रिय उल्हास,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू फोन स्पीकरवर ठेवून भांडी घासतोस आणि इकडे काकूंचे कान अजून तिखट आहेत. काकूंना यातलं अक्षर कळता कामा नये, म्हणून कागद. माझी साखर आटोक्यात, काकूंचा गुडघा पावसात कुरकुरतो तेवढाच, अण्णा तुझ्या-माझ्यापेक्षा टुणटुणीत. आता ऐक.

नाटक मंडळाच्या दोन्ही बाजाच्या पेट्यांचे भाते फाटले होते, त्या बेळगावला दुरुस्तीला दिलेल्या. आणायला जुनी विलीज गाडी काढली तर अण्णा आधीच धोतर सावरत तुझ्या जागेवर बसलेले. म्हणाले, घाटातला पाऊस बघून खूप दिवस झाले. नको म्हणणार कोण? गाडी त्यांची. आणि डाव्या स्टेअरिंगच्या गाडीला उजवीकडे कुणीतरी लागतंच. तू 'मार, मार!' म्हणून बोंबलायचास आणि समोर ट्रक दिसला की तोंड मिटून घ्यायचास. अण्णा बोट वर करतात. बोट खाली असेपर्यंत ओव्हरटेक नाही. जाताना बोट एकदाही वर आलं नाही, त्यामुळे बेळगावला पोचेपर्यंत जेवणवेळ टळली.

येताना कणकुंबीच्या आसपास रस्त्यावरून पाणी वाहत होतं. चाकांचे मधले हब बुडतील एवढं. पार केलं, पुढे सपाटीवर अण्णांच्या सांगण्यावरून ब्रेकवर हलका पाय ठेवून शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक रोखणारे, सुकवले. चोर्ला सुटला, उतार लागला, धुकं. पहिल्या मोठ्या वळणावर पाय दाबला तर गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली. एका बाजूचे शू सुकले होते, दुसऱ्या बाजूचे नाहीत. डावीकडे बसलेल्या माणसाला आपल्या कोपराखाली गटार दिसतं, तसं मला दिसलं. सावरली. मग पुढच्या वळणांवर पेडल हळूहळू खाली जायला लागलं. तुला कारण ठाऊक आहे: ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पायाला जास्त अंतर लागतं. मी पंप मारत होतो आणि अण्णा रस्त्याकडे बघत म्हणाले, "सेकंड घाल. सावकास." डबल क्लच करून सेकंड घातला. इंजिनाने गाडी धरली. हँडब्रेक त्यांनी स्वतः हात लांब करून थोडा थोडा ओढला. तो गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो म्हणून चाकांच्या पाण्याशी त्याचं देणंघेणं नाही, एवढंच आपलं नशीब. त्या हँडब्रेकवरून तुम्ही दोघं बापलेक एकदा आठवडाभर बोलत नव्हता, आठवतं?

केरीला आलो. अण्णांनी दोन कप चहा घेतला आणि म्हणाले, "गाडी रावली मरे?" थांबली ना, एवढंच. विषय संपला. त्यांचा. माझे हात घरी येऊन जेवताना कापत होते. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? दुसऱ्या कुणालाही सांगितलं तर तो म्हणेल, म्हातारं लोखंड विका. आणि वर म्हणेल, म्हाताऱ्याला गाडीत घालू नका.

तर मी ठरवलंय. पुढे डिस्क ब्रेक बसवायचे. मागे ड्रमच राहतील.

थांब, ओरडू नकोस. तुझं म्हणणं मला पाठ आहे: अकरा इंची ड्रम, नीट सेट केले तर पुष्कळ झाले, त्या काळात माणसं यावरच माल वाहायची. खरं आहे. कोरड्या रस्त्यावर मलाही तक्रार नाही. पण ड्रम म्हणजे झाकलेला डबा. पाणी एकदा आत शिरलं की शूच्या आणि ड्रमच्या मध्ये बसून राहतं, आणि आपल्याकडे तर पाण्याबरोबर तांबडा चिखलही. डिस्क उघडी असते, फिरता फिरता पाणी फेकून देते, पॅड उरलेलं पुसून काढतो. तापली तरी ती पॅडापासून पळत नाही. तू जिथे बसलायस तिथे कदाचित हा वाद रंगतो. सत्तरीत जून ते सप्टेंबर वाद नाही.

अण्णांना विचारलं. म्हणाले, ड्रमात खोट नाही, तुला शू घासून बसवता येत नाहीत. (ते अजून ड्रम उघडला की आतली धूळ फुंकर मारून उडवतात. जुन्या लायनरात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, ओल्या फडक्याने पुसा म्हणून घसा सुकला. तू सांगून बघ.)

आता पैशाचं. हे वाचल्या वाचल्या तू तिथलं तयार किट मागवून धाडशील, ते करू नकोस. मागे टायर पाठवलेस ते माळ्यावर पडून आहेत, त्यात काकूंची कोंबडी अंडी घालते. मुलाच्या डॉलरांची गोष्ट निघाली की अण्णांचं नाक वर जातं आणि मग आठवडाभर घरात कुणाला सुख नसतं. वीस हजारांत बसवायचं असं मी मनाशी धरलंय. मंडळातला एक शहाणा म्हणाला, त्यापेक्षा व्हिंटेजमध्ये नोंदवा. २०२१ साली तो नियम आला, पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. त्या नोंदणीची फीच २०,००० रुपये! आणि रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. मग चवथीला माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान कोण आणणार? नाटकाचं नेपथ्य काय डोक्यावर न्यायचं? पाटी नको, ब्रेक हवेत.

पहिला मोह जिप्सीचा झाला. म्हापशाच्या एका भंगारवाल्याकडे जिप्सीचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, पडले होते, फुकटात म्हणावेत असे. जिप्सीची चाकं आपल्या गाडीला बसतात हे तू स्वतःच शोधलं होतंस, चाकाचे पाच स्टड, त्यांचं साडेपाच इंचांचं वर्तुळ, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. पण जिप्सी रिकामी जेमतेम टनभराची. आपली विलीज रिकामीच दीड टनाच्या आसपास, आणि भरली की चोवीसशे किलोंपर्यंत. हलक्या गाडीचा कॅलिपर तिला रोखेल तो सपाटीवर. घाटात पुन्हा अण्णांचं बोटच. म्हणून बोलेरोचे कॅलिपर घेतले, जुने, पिस्टनला गंज नाही हे उघडून बघून. सील आणि पॅड नवे.

पुढच्या ॲक्सलचं काम मनासारखं आहे. ब्रेकची प्लेट सहा बोल्टांवर बसते. प्लेट काढायची, त्याच सहा बोल्टांवर कॅलिपरचा ब्रॅकेट चढवायचा. बारा एमएमच्या प्लेटचा करून घेतोय, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत, आधी पुठ्ठ्याचा नमुना रिममध्ये फिरवून. डिस्कचं मधलं भोक लेथवर हबाच्या मापाला वाढवायचं. खरी गोम स्टडांची. ते हबात ठोकून फुलवलेले असतात. प्रेसवर तसेच दाबून काढले तर हबाची भोकं मोठी होतात आणि हब भंगारात. आधी फुलवलेली कड कापायची, मग दाबायचं. टर्नर म्हणाला, "इतकें कित्याक?" मी म्हटलं, हब परत मिळत नाही बाबा.

काटकसर कुठे करायची हे मला आता पक्कं कळलंय. कॅलिपर जुना चालतो, ब्रॅकेट गावात होतो, मजुरी माझी मी. पण पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर नवा, होज म्हणजे रबरी नळ्या नव्या, बोल्ट हाय टेन्साइल. आणि पाइप स्टीलचाच. मेस्त्री फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी घेऊन आला होता, वाकवायला सोपी, निम्म्या किमतीत. तांबं थरथरून थरथरून कडक होतं आणि फ्लेअरजवळ, म्हणजे फुलवलेल्या तोंडाशी, चिरतं. मी ती नळी त्याला परत दिली तर तो दोन दिवस फिरकला नाही.

मास्टर सिलिंडरबद्दल तू माझ्या बाजूने असशील. आत्ता एकच सर्किट आहे. एका चाकाचा होज फुटला की चारही गेले. अमेरिकेत १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींना दुहेरी मास्टर सक्तीचा झाला, आपली त्याच्या आधीची. तो आता दुहेरी होणार, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. नुसत्या याच कामावर थांबलो असतो तरी रात्री झोप लागली असती.

आणि आता तुझ्या जिवाला बरं वाटेल असं एक. डिस्कला ड्रमासारखी स्वतःची ओढ नसते. ड्रमात चाक फिरतं तसा शू आणखी आत खेचला जातो, पायाला मदत होते. डिस्कला सगळा जोर पायाने द्यावा लागतो, म्हणून तो जोर वाढवणारा बूस्टर हवा, आणि बूस्टरला इंजिनाचा व्हॅक्यूम. मटाडोरचं डिझेल इंजिन घालायचा माझा हट्ट होता तेव्हा तू अडून बसला होतास, शेवटी गॅरेजच्या दारात आडवा पडलास. डिझेलला तसा व्हॅक्यूम नसतो, पंप लावावा लागतो, त्याचा खर्च वेगळा. पेट्रोल इंजिन राहिलं म्हणून मॅनिफोल्डला नळी जोडली की काम झालं. हे मी लिहून देतोय, एकदाच. वाचून झालं की हे पान फाड.

तू विचारशील, चढाला आपला व्हॅक्यूमवरचा वायपर मरतो, मग बूस्टर कसा चालेल? वायपर मरतो कारण चढाला थ्रॉटल उघडा असतो. ब्रेक दाबताना पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला असतो, तेव्हाच व्हॅक्यूम सगळ्यात जास्त. शिवाय बूस्टरच्या नळीला एका दिशेचा व्हॉल्व्ह असतो, आत साठा राहतो. चढाला वायपर मेला की खिडकीतून हात काढून काच पुसणारा मात्र अजून लागेल. ती जागा तुझीच.

तुझं काय चाललंय? वहिनींची नवी नोकरी रुळली का? शर्वरीच्या कॉलेजचं कळलं, पेढे चवथीला घेऊन ये, इथले चालतील. घराचं कर्ज फिरवलंस म्हणालास, त्यातलं मला काही कळत नाही, पण बरं झालं असेल.

मंडळाचं नाटक यंदा कला अकादमीच्या स्पर्धेला आहे. तुझी भूमिका केशवच्या मुलाला दिली. तो वाक्यं विसरत नाही. तिसऱ्या अंकात तू विसरलास तेव्हा पंधरा सेकंद पंख्याकडे बघत होतास आणि परीक्षकाने तो अभिनय समजून टाळी दिली, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. पहिली, अण्णांना फोन. रविवारी दुपारी, जेवून ते पानाचा डबा घेऊन बसतात तेव्हा. घाट हा शब्द काढू नकोस, काकू तिथेच असतात. 'सुरक्षित' हाही शब्द नको, लगेच भडकतात. फक्त एवढं म्हण की रघूला मागचे ड्रम सेट करायला जमत नाहीत, ते तुम्हीच करा. ते खरंही आहे. मागे ते बसले की पुढे मी काय चढवतोय त्याकडे बघणार नाहीत. बघितलं तरी बोलणार नाहीत, कारण तोवर ब्रॅकेट बसलेला असेल.

दुसरी, सामान. हे डॉलरांत मोडत नाही, खिशात मावतं. दोन रेसिड्युअल व्हॉल्व्ह, लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारे, लागतील. आपला मास्टर फरशीखाली, कॅलिपरांपेक्षा खालच्या पातळीवर. ऑइल मागे उतरून जाऊ नये म्हणून पुढच्या लाइनीत दोन पीएसआयचा, तो बहुधा निळा असतो. मागच्या ड्रमांना दहाचा, लाल. उलटे लागले तर डिस्क घासत राहील, म्हणून रंग बघून घे. ब्रेक ऑइल आणू नकोस, डॉट ४ इथे मिळतं. दमट हवेत ते पाणी ओढतं, उकळबिंदू २३० वरून १५५ अंशांवर उतरू शकतो, त्यामुळे दरवर्षी पावसाळा संपला की बदलायचं एवढा नियम मी लावून घेतलाय.

चवथीच्या आधी ब्लीडिंग, म्हणजे लाइनीतली हवा काढणं, उरकायचं आहे. तू येईपर्यंत थांबणार नाही, पण पेडल दाबायला माणूस मिळाला नाही तर थांबावंच लागेल. अण्णा दाबतात ते सावकाश, आणि सोडा म्हटलं की सोडत नाहीत.

तुझा,
रघू

ता. क. जुन्या पाइपांचे नट इंची आहेत, ३/८ चे, चोवीस आट्यांचे. इथले होज मेट्रिक. मधले जोड तिथे सुटे मिळतात, सहा आण. चार लागतील, दोन अण्णा हरवतील.