फॅक्टोरियल पुरे, पोरांना स्वतःची कमांड लिहायला द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजात शेल (म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम) स्क्रिप्टचं प्रॅक्टिकल म्हणजे अजून तेच, सम-विषम, फॅक्टोरियल, पॅलिन्ड्रोम. अहो हे सगळं सी मध्ये आधीच घोटून झालेलं असतं, परत शेलमध्ये कशाला? शेलचं काम म्हणजे तयार कमांड एकमेकींना जोडायच्या आणि जी नाहीये ती आपण करून घ्यायची, आणि नेमकं तेच कोणी शिकवत नाही.

मी सध्या नूशेल नावाचं नवं शेल वापरतो म्हणून त्याचंच सांगतो. २०१९ ला आलं, रस्ट या भाषेत लिहिलंय, फुकट आहे. बॅश या नेहमीच्या शेलच्या पाइपमधून, म्हणजे एका कमांडकडून दुसरीकडे, नुसता मजकूर जातो, मग ऑक हे मजकुरातले कॉलम काढायचं टूल लावा नि कितवा कॉलम ते मोजत बसा. इथे टेबलच पुढे सरकतं, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेली फाइल) ओपन केली की कॉलमच्या नावानेच गाळायला व्हेअर, क्रम लावायला सॉर्ट-बाय लावायचं.

आता गंमत बघा. 'मराठी' हा शब्द एसटीआर लेंग्थ या मजकुराची लांबी सांगणाऱ्या कमांडला दिला तर उत्तर येतं १५, कारण ती बाइट मोजते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइटचं, काना-वेलांटीसकट. मायनस जी लावलं की ती दिसणारी अक्षरं मोजते, ३ येतं, म, रा, ठी. आपल्याला दरवेळी हेच लागणार, मग डेफ (नवी कमांड बनवायचा शब्द) लिहून अवतरणात 'एसटीआर अक्षरे' असं नाव द्यायचं, आत ती एक ओळ, झालं, एसटीआरच्या बाकी कमांडच्या पंगतीत आपलीपण बसते. डेफच्या वरच्या ओळीत मराठीत कमेंट टाका, हेल्पला विचारलं की तीच दिसते! फाइलमध्ये ठेवायची तर एक्सपोर्ट डेफ लिहायचं आणि ती फाइल यूज या कमांडने आत घेताना शेवटी स्टार द्यायचा, नाहीतर कमांडच्या नावाआधी फाइलचं नाव चिकटतं आणि पोरं म्हणतात चालतच नाही.

शिवाय याची स्टँडर्ड लायब्ररी (सोबत येणाऱ्या तयार कमांडचा संच), म्हणजे एसटीडी, नूशेलच्याच नू भाषेत लिहिलीय. नोंदी, चुका दाखवणाऱ्या लॉग इन्फो, लॉग एरर या कमांड कशा चालतात ते सोर्स उघडून सरळ वाचता येतं, उत्तर बरोबर आलं का ते तपासणारी असर्ट आहे त्याने आपल्या कमांडची टेस्टपण लिहिता येते.

अडचणी आहेतच. भाषा अजून १.० ला पोचलेली नाही, नवीन आवृत्ती आली की कधीकधी जुनी स्क्रिप्ट मोडते, आणि नोकरीत सर्व्हरवर बहुतेक बॅशच भेटणार. त्यामुळे बॅश काढून टाका असं मी म्हणत नाहीये, बॅशमध्येपण फंक्शन लिहून बॅशआरसी या बॅशच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवता येतातच की. पण जर्नलमधली दोन पॅलिन्ड्रोम कमी करा आणि त्या जागी लायब्ररीतली एक कमांड वाचून समजावून सांगणे आणि स्वतःची एक, हेल्पसकट, जोडून दाखवणे, एवढं ठेवा, मार्क त्याला द्या.

आपला,
एक वाचक, पुणे